जपानच्या आज्यांचा बेंजो

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनच नाही. टीव्ही बघताना मी कपड्यांच्या घड्या घालते, फोनवर बोलताना गॅलरीतून हॉलमध्ये आणि हॉलमधून गॅलरीत येरझारा घालते, आणि हाताशी काहीच नसलं की डाव्या हाताची बोटं आपोआप सुरू होतात. टेबलावर, मांडीवर, स्कूटीच्या हँडलवर. मी ज्या वकिलांकडे टायपिंग करते ते एकदा अशिलासमोरच म्हणाले, "मॅडम, तुमची बोटं थांबली तर मला माझा मुद्दा आठवेल." अशील हसला. मी बोटं मुठीत आवळली आणि पाय हलवायला लागले.

बोटं नेमकं काय करतात हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. ती बेंजोची बटणं दाबत असतात.

बेंजो म्हणजे आपला वरातीतला, जयंतीच्या मिरवणुकीतला. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि वर टाइपरायटरसारखी गोल बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. वायर जोडून भोंग्याला दिला की गल्लीच्या या टोकाचं माणूस त्या टोकाला नाचायला लागतं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, चाळीसेक वर्षं बेंजो वाजवत होते. त्यांची स्वतःची पार्टी होती. लग्नं, जयंत्या, कव्वालीचे सामने, सगळीकडे त्यांना बोलावणं असायचं. पार पैठणपासून सिल्लोडपर्यंत.

तालीम आमच्या घरी व्हायची. पत्र्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पार्टी, आतल्या खोलीत आई, मी आणि स्टोव्ह. मधे पडदा. माझ्या वाट्याला चहा. चहा उकळेपर्यंत मी पडद्याच्या फटीतून आबांच्या डाव्या हाताकडे बघत राहायची आणि ताटाच्या पाठीवर तशीच बोटं टाकायची. आबा गल्लीतल्या किती तरी पोरांना शिकवायचे. पोरगं पुढे पळालं की हातातल्या नखीने त्याच्या बोटांवर हलकेच टकटक करायचे आणि म्हणायचे, "घाई करू नको. गाणं कुठं पळून नाय चाललं." हे ऐकलं नाही असं पोरगं आमच्या भागात सापडणार नाही. मला मात्र ते कधीच ऐकायला मिळालं नाही. मला त्या पोरांचा इतका हेवा वाटायचा की मी त्यांच्या चहात साखर कमी टाकायची.

एकदा पार्टी गेल्यावर मी पेटीवर हात ठेवला. आबा म्हणाले, "तुझं काम नाय ते." रागावून नाही, सहज. रागावले असते तर मी भांडले तरी असते. दहावी झाल्यावर त्यांनीच मला टायपिंगच्या क्लासला घातलं. पोरीच्या जातीला टायपिंग बरं, बसून नोकरी मिळते. नोकरी मिळाली, ते खरंच. बसणं काही जमलं नाही.

पुढे डीजे आला. आधी लग्नांतून पार्टी गेली, मग मिरवणुकांतून. आई वारल्यावर आबा गारखेड्याला आमच्याकडे राहायला आले. येताना त्यांनी दोन सदरे, एक रेडिओ आणि गोधडीत गुंडाळलेला बेंजो आणला. रोज दुपारी थोडा वेळ वाजवायचे, कूलरच्या आवाजात. मागच्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं सुधारलं, पाय सुधारला, काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात. डावा हात तेवढा परत आला नाही. मांडीवर पडून असतो. बेंजो गेला कपाटावर.

या मार्चमध्ये आबांनी एक दिवस जेवताजेवता जाहीर केलं की बेंजो द्यायचा ठरवलाय. फर्दापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला. त्याने म्हणे आपल्या हॉटेलाच्या भिंतीवर जुन्या वस्तू लावल्या आहेत. बैलगाडीचं चाक, कंदील, मोडकी पेटी. अजिंठा बघायला आलेले लोक जेवता जेवता फोटो काढतात. आबांच्या जुन्या ढोलकीवाल्याने त्याला सांगितलं होतं, आणि एप्रिलातल्या दुसऱ्या रविवारी तो येऊन घेऊन जाणार होता.

"भिंतीवर?" मी विचारलं.

"मग काय कपाटावर ठिवायचा? तिथं चार माणसं बघतील तरी."

"बघायची वस्तू आहे का ती?"

"वाजत नाय ती बघायचीच." आबांनी उजव्या हाताने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "आन् तुला कामून एवढं लागायलंय?"

 माझा त्या बेंजोवर काय हक्क? मी त्याचं एक बटणसुद्धा कधी दाबलं नव्हतं. मी उठले आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासलं. त्या दिवसापासून मला झोप लागेना. येता-जाता नजर कपाटावर जायची. ऑफिसात 'सादर' ऐवजी 'आदर' टाइप करायला लागले. रविवार जवळ येत होता आणि मी घरभर भिंगरीसारखी फिरत होते.

त्यात आमची लेक. एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकते, आणि डोक्यात सगळं जपान. जपानी कार्टून, त्याला कार्टून म्हटलं की चिडते, ॲनिमे म्हणायचं. जपानी गाणी, जपानी नूडल्स, जपानी लिपीसुद्धा मोबाईलवर शिकली. आमच्याकडच्या शेवया तिला जात नाहीत, पण वाफाळत्या वाडग्याचं चित्र बघून डोळे भरून येतात. "आपल्या घरात जपान कुठून शिरला गं?" असं मी विचारायची, आणि ती म्हणायची, "मम्मी, तू फक्त एक एपिसोड बघ."

बघितला एक. शंभर वर्षांच्या देवळातला कोल्हा मोबाईलवर पुजाऱ्याला मेसेज पाठवतो. दुसऱ्या कशात तरी किमोनो घातलेली मुलगी तीन तारांचं जुनं वाद्य वाजवते आणि मागे इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, धूर, दिवे. "यांना एक काहीतरी ठरवता येत नाही का?" मी म्हटलं. "जुनं तरी दाखवा, नाहीतर नवं तरी."

"आणि आपल्या जयंतीत काय असतं?" लेक म्हणाली. "वंदना, लेझीम, एलईडीची भिंत आणि लेझर."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी म्हणाले खरी. पण ते रुतून बसलं.

तिचा कार्यक्रम शनिवारी होता. क्रांती चौकाजवळच्या एका हॉलमध्ये शहरातली सगळी ॲनिमेवाली पोरं जमणार होती. आवडत्या पात्राचा वेश करून यायचं आणि स्टेजवर काहीतरी करून दाखवायचं. लेक गाणार होती. महिनाभर ते एकच जपानी गाणं घरात चालू होतं. भांडी घासताना, केस विंचरताना, बाथरूममध्ये. मला शब्द कळत नव्हते, चाल मात्र झोपेतही ऐकू यायची. तिने कुठून तरी निळ्या केसांचा टोप मागवला होता. तो डोक्यावर घालून ती आबांसमोर उभी राहिली तेव्हा आबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "निळं हाय ना, मग चालतंय."

शुक्रवारी संध्याकाळी मी बेंजो खाली काढला. परवा माणूस येणार, निदान पुसून तरी द्यावा. आबा खाटेवर, लेक जमिनीवर बसून टोपाला इस्त्री कशी करावी हे मोबाईलवर बघत होती. मी गोधडी सोडली आणि पेटीचं झाकण उघडलं.

त्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद आहे. पिवळा पडलेला, कडा उडालेल्या, त्यावर उभ्या ओळींत बारीक अक्षरं. आमच्या घरात त्या कागदाला फार मान. आबांनी हा बेंजो तरुणपणी शहागंजातल्या एका म्हाताऱ्या कव्वालाकडून आणला. ते आबांचे उस्ताद. देताना ते म्हणाले होते, "ये बुद्ध के मुल्क की लिखावट है बेटा, संभाल को रखना." आता आम्ही बौद्ध घरचे. आईने ते मनावर घेतलं. दर पौर्णिमेला झाकण उघडून त्या अक्षरांपुढे मेणबत्ती आणि पांढरं फूल. जयंतीला निघण्याआधी सगळी पार्टी रांगेने हात जोडायची. मी दहावीच्या पेपरला त्या अक्षरांच्या पाया पडून गेले होते. कुणी म्हणायचं त्रिशरण लिहिलंय, कुणी म्हणायचं सुत्त आहे. विहारातल्या भंतेजींना आबांनी एकदा विचारलं, तर ते म्हणाले, पाली तर दिसत नाही, पण चांगलंच असेल.

लेक सरकत जवळ आली. "मम्मी, हे जपानी आहे."

"काहीतरीच."

"अगं, मला वाचता येतंय." ती बोट ठेवून पुटपुटायला लागली. अडलेल्या अक्षरांवर मोबाईल धरला. मग तिचा चेहरा विचित्र झाला.

"काय हाय?" आबा खाटेवरून पुढे वाकले. "बुद्धाचं हाय ना?"

"आबा... लिहिलंय, उन्हात ठेवू नका. ओल्या जागी ठेवू नका. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा."

मी हसायला लागले. थांबताच येईना. चाळीस वर्षांच्या मेणबत्त्या, फुलं, माझे दहावीचे मार्क. लेकही हसत लोळली. आबा हसले नाहीत. ते विचार करत होते.

"मग खोटं काय हाय त्यात?" ते शेवटी म्हणाले. "उन्हात मी कधी ठिवला नाय. पत्र्याच्या घरात गोधडीत ठिवला. पुसल्याबिगर जेवलो नाय. जल्मभर तेच केलं की."

"पण आबा, म्हणजे बेंजो जपानचा आहे!"

"येडी का काय. बेंजो आपला हाय."

लेक मोबाईलवर तुटून पडली. घटकाभराने तिने सांगितलं ते असं. शंभरेक वर्षांपूर्वी जपानमध्ये एका माणसाने हे वाद्य काढलं. त्यांच्याकडे जमिनीवर ठेवून वाजवायचं एक जुनं, लांबलचक तंतुवाद्य होतं. शिकायला अवघड, ठेवायला जागा हवी, बड्या घरांतलं. या माणसाने परदेशात टाइपरायटर बघितला. त्याची बटणं त्याने जुन्या तारांवर बसवली, आणि गरिबाच्या घरात मावेल असं वाद्य तयार झालं. ते बोटीने आपल्याकडे आलं. इथं कव्वालांनी घेतलं, बेंजो पार्ट्यांनी घेतलं, कुणीतरी त्यात आवाज भोंग्याकडे नेणारा पिकअप बसवला.

"टाइपरायटर?" मी विचारलं.

"हो. टाइपरायटर बघूनच सुचलं त्याला."

माझं हसू तिथंच थांबलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं लेकीचं झालं होतं. ती जपान मोबाईलमध्ये शोधत होती आणि तो कपाटावर पडला होता. माझं काय झालं होतं ते मला नीट कळत नव्हतं. 

"हे बघा ना, व्हिडिओ आहे," लेक म्हणाली आणि मोबाईल आबांसमोर धरला.

मोठं स्टेज. त्यावर ओळीने टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर बेंजो. आमच्यासारखाच, फक्त चकचकीत. मागे तीसेक जणी. सगळ्या बायका. सगळ्या म्हाताऱ्या. पांढऱ्या केसांच्या, चष्म्याच्या, एकसारखे फिक्या जांभळ्या रंगाचे किमोनो. एकीने मान हलवली आणि सगळ्यांनी मिळून सुरू केलं. लेक किंचाळली, कारण ते कुठल्याशा ॲनिमेचं गाणं होतं. त्या आज्या गंभीर चेहऱ्याने कार्टूनचं गाणं वाजवत होत्या आणि खाली बसलेली नातवंडं टाळ्या वाजवत होती.

आबा डोळे बारीक करून बघत होते. "सगळ्या बायकाच हायत की," ते म्हणाले.

"हो, तिकडे जास्त करून बायकाच वाजवतात. क्लास असतात त्यांचे. रिटायर झाल्यावर शिकतात."

मी उठले. गॅलरीत गेले, परत आले. खालच्या मैदानात जयंतीच्या डीजेची चाचणी चालू होती, एकच ठोका पुन्हा पुन्हा. मी पुन्हा गॅलरीत गेले. पुन्हा आले. मग माझ्या तोंडून निघालंच.

"मला का नाही शिकवलं?"

आबांनी मान वर केली.

"आख्ख्या गल्लीला शिकवलं. ज्यांना ताल कशाशी खातात माहीत नव्हतं त्यांना शिकवलं. मी पडद्यामागे उभी असायची, तुम्हाला माहीत होतं. मला का नाही?"

"अगं बाई, वरातीत फिरायचं असतंय," आबा म्हणाले. "पिऊन नाचणारी माणसं. रातच्याला टेम्पोत बसून यायचं. तुला कुठं न्यायचं होतं मी?"

"घरात वाजवलं असतं."

"घरात वाजवून काय करायचं? घरात कोण ऐकतंय?"

"मी ऐकत होते ना!"

बोलून गेल्यावर माझ्याच कानात तो आवाज घुमला. लेक टोप हातात धरून बसली होती.  आबांनी उजव्या हाताने डावा हात उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला, आणि भिंतीकडे बघत राहिले. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. माझा नवरा वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट करून आला तेव्हा तिघं तीन दिशांना तोंड करून बसलेलो. त्याने काही न विचारता चहा टाकला. त्याच्या या गुणावरच आमचा संसार चालला आहे.

शनिवारी आबा कार्यक्रमाला येतो म्हणाले. मला वाटलं रुसतील. पांढरा सदरा, पांढरी पँट, काठी. हॉलमध्ये शंभर-दीडशे पोरं, गुलाबी केस, पुठ्ठ्याच्या तलवारी, शेपट्या. एप्रिलचं ऊन, पंखे गरम हवा फेकत होते, चेहऱ्यावरचे रंग ओघळत होते. आबांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. एक तलवारवाली मुलगी त्यांच्या पाया पडून गेली.

लेक स्टेजवर आली. मागे रेकॉर्ड केलेलं संगीत. ती गायला लागली आणि खाली पोरांनी रंगीत दिव्याच्या कांड्या काढल्या. सगळ्यांच्या कांड्या एकाच वेळी उजवीकडे, एकाच वेळी डावीकडे. कडव्याच्या मध्ये ठरलेल्या जागी ठरलेले हाकारे. एकही चुकत नव्हता. मी उजव्या मुठीत रुमाल चुरगळत होते. हे सगळं मला उगाच परकं वाटत होतं आणि त्यातलं प्रत्येक वळण पाठ होतं. मांडीवर बोटं चालू होती, थांबवावीत असं वाटेना.

आबा माझ्या कानाशी वाकले. "कव्वालीत बी असंच असतंय. दाद कुठं द्यायची ते ठरल्यालं असतंय. नवा माणूस मधीच वाहवा करतो, मग उस्ताद बघतात त्याच्याकडं." जरा थांबून म्हणाले, "ह्यो भूप हाय."

"काय?"

"गाणं. पाचच सूर लावायलेत. भूप हाय सरळ." मग त्यांची नजर माझ्या मांडीवर गेली. माझ्या बोटांवर. मी बोटं मिटली. ते पुन्हा स्टेजकडे बघायला लागले.

लेकीला बक्षीस नाही मिळालं. शेपटीवाल्या मुलाला मिळालं. रिक्षात ती टोप मांडीवर घेऊन बसली होती आणि आबा तिला सांगत होते, "दुसऱ्या कडव्यात तुझा दम तुटतोय. वरच्या सुराच्या आधी श्वास घ्यायचा." ती गंभीरपणे हो म्हणत होती. मी बाहेर बघत होते. उद्या माणूस येणार, एवढंच माझ्या डोक्यात.

रविवारी मी सकाळपासून कामाला लागले. जिना धुतला, पडदे काढले, डबे पुसले. हॉटेलवाला कधी येणार ते नक्की नव्हतं. बेंजो गोधडीवर आबांच्या खाटेपाशी ठेवलेला होता. मी त्याच्या बाजूने जाताना लांबून जायची.

"पडदे राहू दे," आबा म्हणाले. "मला खाली बसव."

मी आणि लेकीने धरून त्यांना खाली गोधडीवर बसवलं. त्यांनी खिशातून नखी काढली. ती अजून त्यांच्या खिशात असते हे मला माहीत नव्हतं. त्यांनी उजव्या हाताने तारा पिळून सुरात आणल्या, कान जवळ नेऊन, डोळे मिटून. मग एकदा छेडल्या. मोकळ्या तारांचा एकच सूर घरभर पसरला. पुन्हा छेडल्या. तोच सूर. डावा हात मांडीवर तसाच. माणसाने एकच अक्षर बोलत राहावं तसं ते वाटत होतं; ऐकवत नव्हतं.

लेक पुढे सरकली. "मी दाबू बटणं? कालचं गाणं?" तिने दाबली. दुसऱ्याच सुराला अडखळली. पुन्हा दाबली, पुन्हा चुकली. आबांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काल काय वाजवत व्हतीस?"

"कुठे?"

"मांडीवर. हॉलमधी."

माझ्या हातात पडद्याच्या कड्या होत्या. मी म्हटलं, काही नाही. मग म्हटलं, तेच. कालचंच.

"बस हितं," आबा म्हणाले.

मी बसले. पन्नाशीला आलेली बाई, गुडघे कटकट वाजले. त्यांच्या डाव्या अंगाला, अगदी खेटून. त्यांचा तो हात मांडीवर मधेच होता. मी तो उचलून बाजूला ठेवला. जड होता, गरम होता. आणि त्याच्या जागी माझा डावा हात नेला. बटणं गार लागली. ताटाची पाठ, टेबल, मांडी, कीबोर्ड, स्कूटीचं हँडल, सगळीकडे ही बटणं होती असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. खरी बटणं खोल जातात. खाली तार लागते ती बोटाला कळते.

आबांनी नखी फिरवली. मी दाबलं. लेकीचं जपानी गाणं बेंजोतून निघालं, आमच्या मिरवणुकीच्या आवाजात. पहिली ओळ निघाली. लेकीने तोंडावर हात धरला. दुसरी ओळ निघाली. मी दाबायची आणि त्याच क्षणी आबांची नखी यायची, किंवा आधी नखी आणि मग मी, आणि सूर वाकडा जायचा, आणि पुन्हा सरळ व्हायचा. मला पुढचं दिसत होतं. पुढचं सगळं मला येत होतं. मी सुटले.

दारात कुणीतरी उभं होतं. सफारी घातलेला गृहस्थ, हातात मोठी कापडी पिशवी. हॉटेलवाला. माझ्या नवऱ्याने त्याला खुर्ची दिली आणि चहा टाकायला आत गेला. आबा थांबले नाहीत म्हणून मीही थांबले नाही. कडवं संपलं तेव्हा तो टाळी वाजवून म्हणाला, "वा! आता माझ्या भिंतीवर शोभेल. घेऊन जाऊ ना काका?"

माझा हात बटणांवर तसाच राहिला.

"आत्ता नाय देता येणार," आबा म्हणाले.

"का हो? तुम्हीच म्हणाला होता, कुणी वाजवत नाही म्हणून."

"पोरगी शिकायलीय अजून."

हॉटेलवाल्याने माझ्या लेकीकडे बघितलं. "छान, छान. या वयातच शिकावं."

"ती नव्हं," आबा म्हणाले. "ही."

तो गृहस्थ माझ्याकडे बघत राहिला. माझे पिकलेले केस, जिना धुताना ओला झालेला पदर. आत चहा उकळत होता आणि मला उठून तो बघावासा वाटला नाही. मला रडू येत होतं, म्हणून मी घाईघाईने पुढचं कडवं सुरू केलं, आबांची नखी येण्याच्या आधीच. दोन सूर, तीन सूर, नुसतीच बटणं, आवाज नाही.

आबांनी नखीने माझ्या बोटांवर टकटक केलं.

"घाई करू नको," ते म्हणाले. "गाणं कुठं पळून नाय चाललं."